बर्लिनचं ज्यू म्युझियम: आधी तळघरात उतरा, वरचं नंतर बघा

आमच्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात या म्युझियमला सव्वा तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं सुरक्षा तपासणीत आणि कोट-पिशव्या जमा करण्यात गेली. उरलेल्या वेळात टूरवाल्यांनी इमारतीच्या तिरप्या भिंती दाखवल्या, फोटो काढायला लावले आणि बसकडे पिटाळलं. तळघरातून घाईनं जाताना एका काचेआड मला टाइप केलेली यादी दिसली. मी थांबले, तर मागून लगेच हाक आली. रात्री हॉटेलवर झोप लागेना. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सांगून टाकलं की आज मी तुमच्याबरोबर खरेदीला येत नाही. दहाला दार उघडलं तेव्हा मी परत तिथं उभी होते, बाहेर पडले तेव्हा साडेपाच वाजले होते. हे परीक्षण त्या दुसऱ्या दिवसाचं.

यादी बघून पाय का थांबले, ते आधी सांगते. मी एकतीस वर्षं कस्टम्समध्ये नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त विमानतळाच्या बॅगेज हॉलमध्ये. माणूस काय घेऊन चाललाय, किती नग, कधी घेतलं, नवं की वापरलेलं, किंमत किती, हे विचारायचं आणि कागदावर खूण करायची, हेच माझं काम. परक्या माणसाच्या घडी घातलेल्या कपड्यांत हात घालताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मी हजारो वेळा पाहिलंय. त्यामुळे नाझींच्या काळात जर्मनी सोडून गेलेल्या ज्यू निर्वासितांनी जपलेल्या आणि या म्युझियममध्ये ठेवलेल्या वस्तू मला नुसत्या आठवणी म्हणून बघता येत नाहीत. प्रत्येक वस्तूपाशी पहिला प्रश्न येतो: ही तपासणीतून सुटली कशी?

म्युझियम क्रॉइझबर्ग भागात, लिंडनस्ट्रास नावाच्या रस्त्यावर आहे. वास्तुकार डॅनिएल लिबेस्किंड यांनी बांधलेली जस्ताच्या पत्र्यानं मढवलेली नवी इमारत २००१ साली लोकांसाठी उघडली. तिला रस्त्यावरून दारच नाही. शेजारच्या १७३५ सालच्या जुन्या वास्तूतून आत शिरायचं, जिना उतरून जमिनीखाली जायचं आणि तिथून नव्या इमारतीत निघायचं. खाली तीन लांब बोळ एकमेकांना छेदतात. एक देश सोडून गेलेल्यांचा, एक मारल्या गेलेल्यांचा आणि एक पुढे वरच्या मजल्यांवर नेणारा. जमीन थोडी चढती आहे, छत वरून येणाऱ्या दिव्याच्या पट्टीनं चिरल्यासारखं दिसतं. निर्वासितांच्या बोळात भिंतीवर शहरांची नावं आहेत, जिथं जिथं ही माणसं पोचली त्या शहरांची. आणि भिंतीतच काचेचे कोनाडे आहेत. एकेका कोनाड्यात एखाददुसरी वस्तू, एखादा फोटो, एखादं पत्र, आणि शेजारी चार ओळी: कुणाचं, कुठून कुठे गेलं, मागे कोण राहिलं.

बहुतेक लोक हे कोनाडे चालता चालता बघतात. वरच्या मोठ्या प्रदर्शनाची त्यांना ओढ असते. मी सांगेन, उलटं करा. पहिले दोन तास इथंच द्या.

आता त्या यादीबद्दल. जर्मनी सोडून जाणाऱ्या ज्यू कुटुंबाला आपल्या सामानाची संपूर्ण यादी परकीय चलनाच्या सरकारी कार्यालयात द्यावी लागायची. त्यात तीन भाग पाडायचे: १९३३ च्या, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या, आधी घेतलेल्या वस्तू, नंतर घेतलेल्या, आणि देश सोडण्यासाठी म्हणून मुद्दाम घेतलेल्या. चादरी किती, उशांचे अभ्रे किती, सदरे, हातरुमाल, पातेली, शिवणयंत्र, कॅमेरा, सगळं नग मोजून. नव्या वस्तूंवर खरेदीच्या किमतीइतका, कधी त्याहूनही जास्त पैसा सरकारजमा करावा लागे. सामान भरताना अधिकारी हजर. वर संपत्तीवर देशत्यागाचा कर, तो २५ टक्के. हा कर १९३१ सालचा, नाझींच्या आधीचा, पण त्यांनी तो ज्यूंना ओरबाडण्यासाठी वापरला. आणि एवढं सगळं करून निघताना खिशात माणशी फक्त १० मार्क.

यादी व्यवस्थित टाइप केलेली आहे, समास सोडलेला, रकाने सरळ. माझ्या हाताखालून अशा कितीतरी गेल्या. यादी करणारा माणूस घाबरलेला असला की तो जास्तच नीट टाइप करतो, हे मला नोकरीनं शिकवलं. हातरुमालांचासुद्धा आकडा आहे. एका घरात किती हातरुमाल आहेत हे सरकारला सांगावं लागणं म्हणजे काय, ते मला त्या काचेपाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. रकान्याच्या कडेनं पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. मी पण पेन्सिलच वापरायचे.

चांदीचा नियम याहून कडक. २१ फेब्रुवारी १९३९ च्या हुकमानं ज्यूंना सोनं, चांदी, हिरे, मोती सरकारी तारणपेढीत नेऊन द्यायला लावलं, मुदत दोन आठवड्यांची, आणि मोबदला अगदी किरकोळ. सूट कशाला होती? स्वतःची लग्नाची अंगठी आणि जोडीदार वारला असेल तर त्याची, चांदीचं घड्याळ, आणि माणशी दोन जेवणाचे संच, म्हणजे सुरी, काटा, मोठा चमचा, छोटा चमचा. बाकी चांदीची वस्तू नगाला ४० ग्रॅमपर्यंत, सगळ्या मिळून २०० ग्रॅमच्या आत. हे आकडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वजनकाटा आला. ४० ग्रॅम ज्यानं ठरवले, त्याच्यासमोर कुणाच्या तरी घरातला एखादा चमचा काट्यावर ठेवलेला असणार. निर्वासितांच्या नातवंडांच्या घरी जुन्या चांदीचे दोनच काटे, दोनच चमचे आढळले तर घरच्यांना वाटत असेल की आजीला एवढेच आवडायचे. आजीला एवढेच सोडले होते.

म्हणजे जे उरलं, ते कोणत्या चाळणीतून उरलं ते बघा. तपासणाऱ्याला ज्याची किंमत शून्य वाटली तेच बहुतेक पार गेलं. शाळेचं प्रगतिपुस्तक, आईच्या हातची पत्रं, पदवीचा कागद, फोटोंचा अल्बम, खेळणं. या कोनाड्यांत दागिने शोधायला जाल तर निराश व्हाल. इथं जे आहे ते कुणाच्याच मूल्यांकनाच्या रकान्यात बसलं नव्हतं.

काही वस्तू मात्र वेगळ्या कारणानं जपलेल्या. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू सैनिक जर्मनीकडून लढले, त्यांतले १२,००० मारले गेले. त्यांची शौर्यपदकं ही कुटुंबं बरोबर घेऊन गेली. १९३४ साली काढलेलं युद्धसेवेचं सन्मानपदक तर ज्यू सैनिकांनाही मिळालं आणि त्याचं प्रमाणपत्र थेट हिटलरच्या नावानं निघायचं. ज्या राजवटीनं हे पदक दिलं, तिनंच त्या माणसाला चार-पाच वर्षांत हाकलून दिलं. आणि तरी त्यानं ते फेकलं नाही. का नाही फेकलं, याचं उत्तर कोनाड्यात लिहिलेलं नाही. लिहिलं नाही हेच बरं केलं.

आता माकड. हे छोटं खेळण्यातलं माकड तळहातात मावेल एवढं आहे, ठिकठिकाणी लव झडलेली. बर्लिनमधल्या एका मुलाचं. तो ते आपल्या सायकलच्या दांड्याला लावून गावभर फिरायचा. १९३९ साली त्याच्या आईवडिलांनी त्याला मुलांच्या गाडीनं स्वीडनला पाठवलं, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. चौदा वर्षांचा मुलगा खेळणं घेऊन जात नाही, त्याला लाज वाटते. यानं नेलं. आईवडील १९४३ मध्ये आउश्वित्झच्या मृत्युछावणीत मारले गेले. मुलगा पुढे अमेरिकेत गेला, चित्रकार आणि छायाचित्रकार झाला, आणि साठ वर्षांहून जास्त काळ ते माकड त्याच्याबरोबर घरं बदलत राहिलं. म्युझियमच्या अभिलेखागारातल्या माणसानं त्याला विचारलं, तुमच्याकडे लहानपणचं काही आहे का? २००३ साली त्यानं ते बर्लिनला देऊन टाकलं. पुढे स्वीडनमधली एक तरुणी म्युझियममध्ये आली, माकडाशेजारी तिच्याच आईच्या घराण्याचं आडनाव तिला दिसलं, तिनं पत्र लिहिलं आणि त्या म्हाताऱ्या माणसाला, आपलं कुणी उरलं नाही असं ज्याला वाटत होतं त्याला, नातेवाईक सापडले. माकड त्याच्याजवळच राहिलं असतं तर ही ओळख पटली नसती, हा विचार मी तिथं उभी राहून बराच वेळ करत होते.

मुलांच्या त्या गाड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कोनाड्यांतल्या बऱ्याच वस्तूंमागे त्या आहेत. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली, हजारो पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं. त्यानंतर ब्रिटननं एकट्या मुलांना घ्यायची तयारी दाखवली. पहिली तुकडी २ डिसेंबरला इंग्लंडच्या हार्विच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं अशी गेली. मुलाला स्वतःला उचलता येईल एवढीच पेटी, मौल्यवान काही नाही, १० मार्क आणि गळ्यात नंबराची चिठ्ठी. पेटी भरणारी आई विचार करत असेल की दोन वर्षांनी याला कुठला कपडा बसेल. मी पेट्या उघडणारी होते. भरणाऱ्याचा विचार मी नोकरीत कधी केला नव्हता.

रेड क्रॉसचे फॉर्मही बघा, ते सहज नजरेतून सुटतात. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुदेशांत साधं टपाल बंद झालं. मग रेड क्रॉसमार्फत निरोप, जास्तीत जास्त २५ शब्दांचा, आणि उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर. जायला-यायला कित्येक महिने. मला जर्मन येत नाही, म्हणून मी नुसते शब्द मोजले. एका निरोपात पूर्ण पंचवीस होते. एकही वाया घालवला नव्हता. पुष्कळ घरांत असे कागद एका तारखेला येऊन थांबतात. पुढचं कोरं.

ज्यांनी सगळं घर बरोबर न्यायचा प्रयत्न केला, त्यांचं काय झालं तेही कळतं. लाकडाच्या खोलीएवढ्या पेटाऱ्यात फर्निचर, पुस्तकं, पियानो भरून बंदरावर पाठवायचे. या पेटाऱ्याला ते लोक ‘लिफ्ट’ म्हणायचे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि हॅम्बुर्ग बंदरात असंख्य लिफ्ट अडकून पडल्या. पुढे गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्या जप्त केल्या आणि सामान जाहीर लिलावात विकलं. कर भरून, परवाने काढून, यादीला शिक्का घेऊन झाल्यावर. माझ्या खात्यातही लिलाव होतात, बेवारस मालाचे. इथं मालक जिवंत होता, दुसऱ्या देशात बसून वाट बघत होता.

निर्वासितांच्या बोळाच्या शेवटी बाहेर बागेत जायचं दार आहे. ४९ चौकोनी काँक्रीटचे खांब, सात गुणिले सात, वर रानऑलिव्हची झाडं लावलेली, आणि जमीन तिरकी. चालताना पाय पुढे जातो आणि डोकं मागे राहतं. निर्वासिताला नव्या देशात कसं वाटतं ते अंगाला जाणवावं म्हणून असं बांधलंय. मला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून दोन मिनिटांत बाहेर आले. गुडघे किंवा तोल यांचा त्रास असेल तर दारातूनच बघा, काही बिघडत नाही. दुसऱ्या बोळाच्या टोकाला २४ मीटर उंच, थंड, जवळजवळ अंधारा मनोरा आहे. तिथं मी गेले, उभी राहिले, आले. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

वरच्या मजल्यांवर जर्मनीतल्या ज्यूंचं सतराशे वर्षांचं जीवन मांडलंय. हे नवं कायम प्रदर्शन २०२० च्या ऑगस्टमध्ये उघडलं. मोठं आहे, रंगीत आहे, मुलांना हाताळायला भरपूर आहे. त्यातली एक जागा सोडू नका: ज्यूंविरुद्धचे नऊशेहून अधिक कायदे आणि हुकूम लांबलचक पट्ट्यांवर छापून टांगलेत. वाचत सुटायचं. १९३८ च्या ऑगस्टमधला हुकूम आहे की प्रत्येक ज्यू पुरुषानं नावापुढे ‘इस्राएल’ आणि बाईनं ‘सारा’ लावायचं, १९३९ च्या १ जानेवारीपासून. पासपोर्टवर लाल ‘जे’, म्हणजे ‘ज्यू’चं पहिलं अक्षर, ठोकायचा हुकूम १९३८ च्या ऑक्टोबरचा. आणि खाली तळघरात जो पासपोर्ट तुम्ही पाहून आलात, त्यात तो ‘जे’ आणि ते ‘सारा’ असतं. म्हणून म्हणते, आधी खाली जा. आधी माणूस बघा, मग त्याच्यावर लागू झालेलं कलम वाचा. उलट क्रमानं गेलात तर कलमं नुसती कलमं राहतात.

वरच एका उंच रिकाम्या खोलीत जमिनीवर लोखंडाचे दहा हजारांहून जास्त चेहरे पसरलेत, मेनाशे कादिशमान या शिल्पकाराचे. लोक त्यावरून चालतात आणि खणखण आवाज होतो. मी कडेलाच थांबले.

हे सगळं म्युझियमकडे आलं कुठून, हे मला सगळ्यात जास्त भिडलं. संग्रहातला मोठा भाग निर्वासित कुटुंबांनी स्वतः दिलेला आहे. ज्या शहरानं घालवून दिलं, त्याच शहराला. म्युझियमचे पहिले संचालक मायकेल ब्लूमेंथाल स्वतः असेच. जन्म १९२६, बर्लिनजवळ ओरानिएनबुर्गचा. वडिलांना बुखेनवाल्डच्या छावणीत टाकलं होतं. १९३९ मध्ये हे कुटुंब शांघायला गेलं, कारण तिथं उतरायला व्हिसा लागत नव्हता. मुलगा तेरा वर्षांचा. पुढे तो अमेरिकेचा अर्थमंत्री झाला आणि सत्तरी ओलांडल्यावर बर्लिनला येऊन हे म्युझियम उभं केलं. पेटी नेणाऱ्यानंच पेट्या ठेवायची जागा केली.

लोक देतात यामागे एक व्यवहारी कारणही असतं. नातवंडांना जर्मन येत नाही. शिवाय जुनी पत्रं त्या काळच्या वळणदार जर्मन लिपीत आहेत, जी आजच्या जर्मन मुलांनासुद्धा लागत नाही. आपल्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद ट्रंकेत पडून असतात आणि घरात एकालाही वाचता येत नाहीत, अगदी तसं. इथं ते वाचणारी माणसं आहेत. कागद नीट राहतो, उलगडला जातो, आणि शाळेची मुलं येऊन मूळ कागद समोर ठेवून त्यावर काम करतात. देणारी व्यक्ती हयात असेल तर कधी कधी तीही त्या मुलांसमोर येऊन बसते.

आपल्याकडेही ही माणसं आली होती, हे जाता जाता. आकाशवाणीची ती ओळखीची धून बांधणारे वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये प्रागहून मुंबईला आलेले निर्वासितच. शहरांची नावं वाचताना मला ती धून ऐकू येत होती.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कायम प्रदर्शनाला मला पैसे पडले नाहीत, पण वेळ आधी ऑनलाइन नोंदवून ठेवा. भुयारी रेल्वेचं हालेशेस टोर स्टेशन जवळ आहे, तिथून चालत जाता येतं. तपासणी विमानतळासारखी होते, त्याची चिडचिड करू नका, तिथल्या लोकांना ती का करावी लागते हे उघड आहे. मोठी पिशवी खाली ठेवावी लागते, म्हणून चष्मा आणि वही हातात घ्या. माहिती जर्मन आणि इंग्रजीत आहे, अक्षर बारीक, उजेड मंद, तेव्हा वाचायचा चष्मा विसरू नका. दुपारी काचेच्या छताच्या अंगणात बसून चहा घ्या आणि परत आत जा. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना जरूर न्या, माकड दाखवा. टूरबरोबर जाणार असाल तर आधीच विचारून घ्या की किती वेळ देणार, आणि अडीच-तीन तासांपेक्षा कमी सांगितला तर स्वतंत्र जा.

निघायच्या आधी मी परत खाली त्या यादीपाशी गेले. शेवटच्या ओळीखाली दोन सह्या आहेत. एक सामान नेणाऱ्याची, स्पष्ट, पूर्ण नावाची. दुसरी तपासणाऱ्याची, शिक्क्यावरून गेलेली, घाईची. वाकून, चष्मा वर-खाली करून, मी ती वाचायचा खूप प्रयत्न केला. पहिलं अक्षर लागलं, पुढचं नाही लागलं.